पावसाळी फोटो आणि लेन्समधली बुरशी

हौशी फोटोवाल्यांना त्यांचे आवडते फोटो दाखवायला सांगा. त्यांतले बरेचसे जून ते सप्टेंबरमधले निघतात. एसटीच्या खिडकीवरून ओघळणारे थेंब, टपरीवरच्या चहाची वाफ, ताम्हिणीतले धबधबे, कासच्या पठारावरची फुलं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर इंद्रवज्राच्या, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याच्या, आशेने माणसं धुक्यात तासन्‌तास बसून असतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते तिथे दिसल्याची नोंद आहे. पण ज्या हवेत असे फोटो मिळतात, तीच हवा लेन्सच्या मुळावर येते.

माझ्या पन्नास एमएम लेन्सचं तसंच झालं. दिवाळीतल्या पणत्यांच्या फोटोंत ज्योतींभोवती दुधाळ झाक दिसायला लागली. पुढची काच तर लख्ख होती. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च धरला, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. दुरुस्ती करणाऱ्याने लेन्स खोलून बुरशी पुसून दिली. काचेवरच्या लेपावर उमटलेले डाग मात्र गेले नाहीत.

बुरशीला धूळ आणि बोटांचा तेलकटपणा एवढं खाद्य पुरतं. त्यात दमट हवा, अंधार आणि कोंदटपणा मिळाला की ती फोफावते आणि तिच्यातून स्रवणारं आम्ल लेप कुरतडतं. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा दिवसांत कपाटातली चामड्याची किंवा कापडी बॅग ही लेन्स ठेवायची सर्वांत वाईट जागा.

उपाय खर्चिक नाहीत. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावा. फार खाली गेला तर लेन्समधलं वंगण सुकण्याची भीती. निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. त्यात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात ते तापवू नये.

भटकंतीहून आल्यावर भिजलेला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका. कोरड्या कपड्याने पुसा, पंख्याखाली वाळू द्या, मगच डब्यात घाला. समुद्रकिनाऱ्यावरून आलात तर आधी किंचित ओलसर फडक्याने खार पुसून काढा. एसी गाडीतून थेट दमट हवेत उतरताना कॅमेरा बंद प्लॅस्टिक पिशवीत अर्धा तास राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

सेकंडहँड लेन्स घेणार असाल, तर टॉर्चची तपासणी दुकानातच करा. आत जाळं दिसलं, तर कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका.