सिन्सिनॅटसचा नांगर

रोमच्या इतिहासात विद्यार्थ्यांस विशेष प्रिय असणारी कथा म्हणजे सिन्सिनॅटसची होय. इ. स. पूर्व ४५८ मध्ये ईक्वी लोकांनी रोमन सैन्यास वेढा घातला, तेव्हा सेनेटचे दूत टायबर नदीपलीकडे गेले. सिन्सिनॅटस आपल्या लहानशा शेतात राबत होता. पत्नीने झोपडीतून आणलेला टोगा त्याने पांघरला, सर्वाधिकारी होऊन शत्रूस जिंकले आणि सोळाव्या दिवशी अधिकार सोडून तो घरी परतला.

ही कथा सांगणारा लिव्ही त्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी झाला. तेव्हा तिच्यात घडलेले किती व रचलेले किती, हे ठरविणे कठीण. परंतु कथेचे सामर्थ्य तिच्या खरेपणावर थोडेच अवलंबून असते! १७८३ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनने सेनापतिपद सोडले, तेव्हा लोकांस तो दुसरा सिन्सिनॅटसच वाटला. रिचमंड येथील त्याच्या पुतळ्यामागे शिल्पकार हूदाँने नांगर कोरला आहे. (वॉशिंग्टनच्या शेतावरचा खरा नांगर गुलामांच्या हाती असे, ही गोष्ट निराळी.)

कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. तोही लिव्हीनेच दिला आहे. इ. स. पूर्व ४३९ मध्ये स्प्युरिअस मीलिअस नामक धनिकाने दुष्काळात गरिबांस धान्य वाटले. तो राजा होऊ पाहतो, असा संशय उत्पन्न झाला. वृद्ध सिन्सिनॅटस पुन्हा सर्वाधिकारी झाला, आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने मीलिअसला चौकशीवाचून ठार केले. सिन्सिनॅटसने त्या अधिकाऱ्याची प्रशंसाच केली!

संकटकाळी सर्व सत्ता एका सज्जनाच्या हाती द्यावी, तो ती परत करील, हा विश्वास अशा अर्ध्या कथेवर पोसला जातो. १९२२ मध्ये इटलीच्या संसदेने मुसोलिनीस मुदतबंद विशेषाधिकार दिले. रोमन दंडाधिकाऱ्यांचा काठ्यांचा जुडगा व कुऱ्हाड हे त्याच्या पक्षाचे चिन्ह होते. पुढे शेतात मळणी करतानाची छायाचित्रेही त्याने काढवून घेतली. सत्ता मात्र त्याने १९४३ पर्यंत सोडली नाही. ती काढून घ्यावी लागली.

आमच्या मते रोमकडून घेण्याजोगी वस्तू नांगर नव्हे, मुदत होय. तेथे सर्वाधिकाऱ्यास कायद्याने सहाच महिने मिळत; सुल्ला व सीझर यांनी ती मर्यादा मोडली. अमेरिकेतही दोन कारकिर्दींनंतर निवृत्त होण्याचा वॉशिंग्टनचा पायंडा १९४० च्या निवडणुकीत मोडला, आणि १९५१ मध्ये त्यास राज्यघटनेत स्थान द्यावे लागले.