उभ्या वाहनाची बॅटरी का उतरते?

कर्जत व खालापूर तालुक्यांत भाताची चिखलणी आटोपली की ट्रॅक्टर पडवीत उभा राहतो, तो बहुधा कापणीपर्यंत हलत नाही. भाजीपाल्याचा टेंपो वा जीपही सततच्या पावसात चार-चार दिवस जागेवरच असते. मग एके पहाटे किल्ली फिरवली असता स्टार्टर नुसता ‘कट्’ असा आवाज करतो व दिवे मंदावतात. भाजी बाजारात उशिरा पोहोचली तर ते नुकसान सोसता येते. परंतु डोंगराकडच्या वाडीतून सर्पदंश झालेल्या माणसास रात्रीच कर्जतला न्यावयाचे असेल व जवळ ती एकच गाडी असेल, तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

अशा वेळी लोक बॅटरी चार्ज करून आणतात. पुन्हा उतरली की नवी घेतात. तीही उतरली म्हणजे विक्रेत्यास बोल लावतात. खाचरातील पाणी रात्रीतून ओसरले तर हाच शेतकरी वरून पाणी सोडीत बसत नाही. बांधावरून फिरून खेकड्याचे बीळ शोधतो. बॅटरीच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे. मात्र त्यापूर्वी खाचर मुळात भरले होते का, हे पाहिले पाहिजे.

यासाठी मल्टीमीटर हे साधन लागते. ते काही शे रुपयांस मिळते व गावात एक असले तरी पुरते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली फिरवण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन्ही अग्रांवर दाब मोजावा. १२.६ व्होल्ट भरले तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. १२ च्या खाली गेल्यास जवळजवळ रिकामी समजावी. नंतर इंजिन चालू करून पुन्हा मोजावे. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तो १३ च्याही वर जात नसेल, तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर नादुरुस्त आहे. तेथे गळती शोधण्यात अर्थ नाही. घरापासून फाट्यापर्यंतच रोज जाणाऱ्या गाडीची बॅटरीही कधी पुरती भरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

भरणा ठीक असेल तर बॅटरीचीच परीक्षा घ्यावी. पूर्ण चार्ज करून काही तास विसावलेली बॅटरी सोडवून कोरड्या फळीवर दोन-तीन दिवस ठेवावी. कशालाही न जोडता तिचा दाब १२.४ च्या खाली आला, तर दोष तिच्या पोटात आहे. मात्र तिचे झाकण आधी पुसून घ्यावे. पावसाळ्यात झाकणावर साचलेली धूळ, ओल व आम्ल यांच्या थरातूनही वीज एका अग्राकडून दुसऱ्याकडे झिरपते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने झाकण पुसावे. पाणी घरांत जाऊ देऊ नये.

बॅटरी निर्दोष ठरली की गळतीकडे वळावे. किल्ली काढून, दिवे विझवून, दारे लावून बॅटरीची ऋण तार सोडवावी. मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या जागी लावून ती तार व ऋण अग्र यांच्यामध्ये जोडावा. या स्थितीत किल्ली फिरवू नये किंवा स्टार्टर मारू नये. मीटरचा फ्यूज तत्काळ जळतो. नव्या गाड्यांतील यंत्रणा शांत होण्यास अर्धा तास लागू शकतो, तेवढा धीर धरावा. त्यानंतर ५० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंतचा प्रवाह अशा गाडीत सामान्य समजावा. जुन्या साध्या ट्रॅक्टरमध्ये तो जवळजवळ शून्यच असला पाहिजे.

याचा हिशेब सोपा आहे. ५० मिलिअ‍ॅम्पिअरने दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास खर्च होतात. ६० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी निम्मी होण्यास २५ दिवस लागतात. परंतु खणातला ५ वॅटचा एक दिवा जळत राहिला, तर दिवसाला १० अ‍ॅम्पिअर-तास जातात व तीच बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते.

प्रवाह अधिक आढळल्यास एकेक फ्यूज काढून मीटर पाहत जावे. जो काढताच आकडा एकदम उतरतो, त्याच्या वाटेवर दोष आहे. पहिला संशय मागाहून बसवलेल्या वस्तूंवर घ्यावा: गाण्याचा संच, मोठा हॉर्न, मोबाइलचा चार्जर, हळदी-वरातीसाठी लावलेली दिव्यांची माळ. ही जोडणी पुष्कळदा किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवरून केलेली असते, आणि तिला फ्यूज नसला तर या शोधात ती सापडतही नाही. तिची तार हाताने माग काढून पाहावी लागते. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह राहिला, तर अल्टरनेटरमधील डायोड बिघडला असण्याचा संभव असतो. ऋण तार सुटी असतानाच अल्टरनेटरची जाड तार सोडवून तिचे टोक गुंडाळावे व पुन्हा मोजावे.

भाताच्या कणग्या जवळ असल्या की उंदीर तारांचे वेष्टन कुरतडतात. उघडी तार ओल्या पत्र्यास टेकली की गळती सुरू होते. ऊन पडल्यावर ती नाहीशी होते, म्हणून मिस्त्रीकडे नेलेली गाडी तेथे निर्दोष वाटते. अशी शंका असल्यास मोजणी पावसाळी दिवशी, गाडी उभी असते त्या जागीच करावी.

बॅटरी काढताना ऋण तार प्रथम सोडवावी व बसवताना शेवटी जोडावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी पेटवू नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पाणी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे पाणी वा आम्ल घालू नये.

ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभाच राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण तार सोडवून ठेवावी व महिन्यातून एकदा दाब मोजून १२.४ च्या खाली जाताच पुन्हा चार्ज करावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो व मग ती पूर्ववत भरत नाही.