ताप उतरला तरी गोळ्या सोडू नका

चवथ जवळ आली की मालवण, देवगड, कुडाळात घरं माणसांनी भरतात. पावसाने विहिरी गढूळ झालेल्या असतात आणि टायफॉइडचे रुग्ण दवाखान्यात दिसू लागतात. "तीन दिवस गोळ्या घेतंय, ताप हटत नाय, औषध बदला," असा आग्रह धरणाऱ्यांसाठी हा मजकूर.

टायफॉइडचा ताप योग्य औषध चालू असतानाही उतरायला साधारण चार ते सहा दिवस घेतो. कारण त्याचा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींत दडलेला असतो.

पांढऱ्या पेशी परक्या वस्तूंवर चाल करून त्यांना गिळू पाहतात, हे १८८२ मध्ये शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी इटलीच्या किनाऱ्यावर, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ओळखलं. त्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी हा जंतू मात्र गिळला तरी मरत नाही. पेशीच्या ज्या पिशवीत तो अडकतो, तिथे मारक रस नीट पोहोचू नयेत अशी प्रथिनं तो सोडतो आणि तिथेच वाढतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं हे.

म्हणून औषध नुसतं रक्तात असून भागत नाही, ते पेशीत शिरावं लागतं. टायफॉइडवर दिलं जाणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन पांढऱ्या पेशींत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठतं. तिथे ते जंतूचं प्रथिनं बनवणं बंद पाडतं. जंतूची वाढ थांबते, बचाव लुळा पडतो आणि पेशीला त्याला संपवणं सोपं जातं. याला वेळ लागतो. गोळ्या मध्येच सोडल्यात, तर आत उरलेले जंतू दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप आणू शकतात.

तेव्हा एवढं पाळा:

• पावसाळ्यातला ताप लेप्टो, डेंग्यू, मलेरियाचाही असू शकतो. मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक आणू नका.

• टायफॉइडची शंका असेल तर पहिल्या गोळीआधी रक्ताची कल्चर तपासणी करा. एकट्या विडाल तपासणीवर विसंबू नका.

• ताप गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

• पेज, मऊ भात, शहाळ्याचं पाणी चालेल. पिण्याचं पाणी उकळूनच प्या, विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर पडते का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

• पोटात असह्य कळ, काळी किंवा रक्ताची शौच, असंबद्ध बडबड यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.