नोट खरी, छापा खोटा

जुन्या नोटा दाखवायला येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "आमचे आजोबा ब्रह्मदेशात लढाईला होते." सातारा जिल्ह्यात या वाक्यावर शंका घ्यायची सोय नाही. मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली होती, आणि पलटणीत गेलेल्या माणसाची लोखंडी ट्रंक आमच्याकडच्या कितीतरी माळ्यांवर अजून आहे. तेव्हा अशा ट्रंकेत ब्रह्मदेशाचा छापा असलेली, म्हणजे हिंदुस्थानी नोटेवर वरून ब्रह्मदेशापुरत्या ओळी उमटवलेली, नोट निघणं अगदी शक्य आहे. हे जसं मला ठाऊक आहे, तसंच खोटा माल खपवणाऱ्यालाही ठाऊक आहे.

मागे पाचगणीतला एक जुना बंगला रिकामा होत असताना सामान उचलणाऱ्या एकाने वहीच्या पानांत जपलेल्या दहाच्या नोटा माझ्यापुढे ठेवल्या. सहावा जॉर्ज, रिझर्व्ह बँक, गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांची सही. देशमुख म्हणजे महाडजवळच्या नाते गावचे, महाबळेश्वरचा घाट उतरलं की त्यांचाच मुलूख. त्यामुळे ती सही दिसली की मी उगीचच जास्त वेळ बघत बसतो. नोटांवर इंग्रजीत छापा होता: 'मिलिटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा, लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली'. "काका, उजेडात धरा, आत राजा दिसतोय. मग शंका कसली?" राजा दिसत होता. कागदही बरोबर होता. मी एकही नोट घेतली नाही.

या छंदातली खरी अडचण इथेच आहे. पूर्ण बनावट नोट करणं अवघड आणि महाग असतं. पण जॉर्जची साधी दहाची नोट बाजारात सहज मिळते. तिच्यावर दोन ओळी उमटवल्या की किंमत कितीतरी पटींनी वाढते. जलचिन्ह, कागद, सही, क्रमांक, सगळ्या परीक्षांत अशी नोट पास होते, कारण ती खरीच असते. म्हणून आधी नोट विसरा आणि छापा तपासा.

पहिला प्रश्न इतिहासाचा. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तेव्हा नुसतं 'लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली' एवढंच छापलेल्या नोटा निघाल्या, त्या पाचव्या जॉर्जच्या. सहाव्या जॉर्जच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा जानेवारी १९३८ पासून निघू लागल्या. मिलिटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा छापा १९४५ चा, जपानी हटल्यानंतरचा. आणि 'बर्मा करन्सी बोर्ड'चा १९४७ चा. या दोन्ही खेपा १, ५, १० आणि १०० रुपयांच्या. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या नोटेवर ना मिलिटरी, ना करन्सी बोर्ड, नुसतीच 'बर्मा ओन्ली'ची ओळ असेल, किंवा दोन रुपयांच्या नोटेवर बर्माचा छापा असेल, तर भिंग काढायचीही गरज नाही. चहा पाजून माणसाला वाटेला लावावं.

इतिहास जुळला तर मग भिंग. दहापट मोठं दाखवणारं, जवाहिऱ्याकडे असतं तसलं, पुरतं. सगळ्यात आधी बघायची ती घडी. खरा छापा कोऱ्या, सपाट नोटेवर पडला. नोट खिशात गेली, दुमडली, मळली, ते सगळं नंतर. त्यामुळे घडीवर नोटेची शाई उडालेली असेल तर छाप्याचीही उडालेली हवी. अक्षर मधोमध तुटून खालचे पांढरे तंतू दिसायला हवेत. खोट्यात क्रम उलटा असतो. नोट आधी झिजली, छापा नंतर आला. मग शाई घडीच्या चिरेत उतरते आणि उघडे पडलेले तंतूच रंगवून टाकते. त्या दहाच्या नोटांमध्ये 'बर्मा'तला एक 'एम' घडीच्या चिरेतून अखंड गेला होता. तेवढ्यावर काम भागलं.

टाचणीच्या भोकांचंही तसंच. जुन्या नोटा टाचून ठेवत, त्यामुळे भोकं हा दोष नव्हे. पण छाप्याचं अक्षर भोकावर आलं असेल आणि भोकाच्या कडेला आत शाई मुरलेली असेल, तर आधी काय झालं ते कळतं.

कोऱ्या करकरीत नोटेवर हे काहीच चालत नाही, आणि महाग तीच असते. तिथे अक्षरांच्या कडा बघाव्यात. बारीक रंगीत ठिपक्यांतून अक्षर बनलं असेल तर ते इंकजेट. चकचकीत थर आणि आजूबाजूला काळी धूळ असेल तर लेझर. रबरी शिक्क्याची शाई मधे फिकी आणि कडेला गोळा होते. मग खात्रीच्या नोटेचं चित्र त्याच मापात ठेवून दोन अक्षरांमधलं अंतर जुळवावं. किशोर झुनझुनवाला आणि रिझवान रझाक यांचं भारतीय कागदी चलनावरचं पुस्तक महाग आहे, तरी ते पहिल्या नोटेच्या आधी घ्यावं असं माझं ठाम मत आहे. नोटा तपासून प्रत ठरवणाऱ्या पीएमजी कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आलेल्या नोटेचा क्रमांकही त्यांच्या नोंदीत तपासावा, कारण पाकिटंही खोटी निघतात.

खोट्या नोटांचा त्या काळातला एक किस्सा सांगायलाच हवा. युद्धात जपान्यांनी देशमुखांच्या सहीची दहाचीच नोट इतकी बेमालूम बनवली की रिझर्व्ह बँकेला जलचिन्हातला राजा बदलावा लागला: एका बाजूने दिसणारा चेहरा जाऊन समोरून बघणारा आला, आणि भारतीय नोटेत सुरक्षा धागा प्रथम तेव्हाच घातला गेला. तेव्हा 'दहाची नोट, देशमुखांची सही' या जोडीवर आंधळा विश्वास ठेवायचं कारण १९४० च्या दशकातही नव्हतं.

'आझाद हिंद'चा शिक्का मारलेल्या जपानी नोटा विकायला आल्या तर आणखी सावध. 'बी' अक्षराच्या मालिकेतल्या, जपान्यांनी ब्रह्मदेशासाठी काढलेल्या रुपयाच्या नोटा आजही स्वस्तात मिळतात. आझाद हिंद बँक रंगूनमध्ये एप्रिल १९४४ ला निघाली हे खरं, पण त्या इतिहासाचा आदर वेगळा आणि परवा मारलेला शिक्का वेगळा. नेताजींचं नाव आलं की गिऱ्हाईक भिंग खाली ठेवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

व्यवहार करताना पावतीवर छाप्यासकट वर्णन लिहून घ्यावं, 'जुनी नोट' एवढंच नको. आणि खोटी ठरल्यास परत घेण्याची मुदत त्यावरच असावी. लिहून द्यायला विक्रेता कां-कूं करू लागला की उठावं. संशयाची नोट पाण्याने पुसून बघू नका, इस्त्री तर मुळीच नको. घडी सपाट झाली की पुरावाच गेला. आणि आमच्या पाचगणीत जूनपासून धुकं घरात शिरतं, तेव्हा नोटा पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवू नयेत. ते प्लॅस्टिक ओलीत चिकटतं आणि खऱ्या छाप्याची शाईसुद्धा सोबत घेऊन निघतं.