‘रत्ना’ : हापूसच्या उणिवांवर उतारा

कोकणच्या हापूसला स्वाद आहे, परंतु नियमितपणा नाही. झाड बहुधा वर्षाआड फळते. शिवाय गरात साका झाला, तर वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर वाया जाते. या उणिवा दूर करण्यासाठी वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात दरवर्षी फळणाऱ्या नीलमच्या मोहोरावर हापूसचे परागकण घालून संकर करण्यात आला. त्यातून निवडलेली ‘रत्ना’ ही जात कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केली. फळ हापूसहून मोठे, गर घट्ट, केशरी, रेषाविरहित व साकामुक्त. झाड नियमित फळणारे. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीची ‘सिंधू’ निपजली. कोयीपासून वाढविलेल्या झाडात हे गुण उतरतीलच असे नाही. म्हणून बागायतदारांनी खात्रीची कलमेच लावावीत.