रंगीत रॅस माशासाठी घरगुती खाऱ्या पाण्याची टाकी

पनवेल तालुक्याच्या खारपट्टीतील शेतकऱ्यास क्षारांचा स्वभाव शिकवावा लागत नाही. पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जातात, आणि उन्हाळ्यात ओल उडाली की तेच वर येऊन जमिनीवर पांढरा थर धरतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ ही क्षार सोसणारी भाताची वाणे याच जमिनींसाठी काढली. प्रवाळखडकावरच्या माशास मात्र क्षारांचे असे चढउतार सोसत नाहीत.

हौसेने पाळल्या जाणाऱ्या अशा माशांपैकी सहा पट्ट्यांचा रॅस हा एक होय. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांत तो राहतो. जांभळट अंगावर सहा नारिंगी पट्टे, हिरवट शेपटी, आणि लांबी पूर्ण वाढीनंतरही १० सेंटिमीटरच्या आत. रात्री कपारीत शिरून तो स्वतःभोवती चिकट, पातळ कोष विणतो. तो रोग समजून औषध घालू नये.

टाकी १०० लिटरांहून लहान नसावी. पनवेलच्या खाडीचे पाणी वापरू नये; पावसाळ्यात ते गोडसर होते, एरवीही त्यात गाळ व सांडपाणी असते. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार लागतात. मत्स्यालयासाठी मिळणारे मिश्रण घेऊन लिटरास सुमारे ३५ ग्रॅम क्षारता साधावी आणि ती क्षारतामापकाने तपासावी. खारपट्टीतील विहिरीचे पाणी मुळातच मचूळ असते, म्हणून पाणी शुद्धीकरण यंत्राचे घ्यावे.

येथे पुष्कळांची चूक होते. टाकीतील पाणी उडते, क्षार उडत नाहीत. १०० लिटरांत साडेतीन किलो क्षार असता २५ लिटर पाणी उडाले, तर क्षारता लिटरास सुमारे ४७ ग्रॅम होईल. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोज गोड्या पाण्यानेच करावी. खारे पाणी घालावयाचे ते फक्त पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलताना. तांब्याच्या हंड्यात वा कळशीत हे पाणी मुळीच कालवू नये. उतरलेले तांबे माशास विष ठरते.

टाकी भरल्याबरोबर मासा आणणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचे प्रथम नायट्राइट व मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव खडकावर व वाळूत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर खाद्य टाकून टाकी रिकामीच चालवावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी झाल्यावरच मासा आणावा.

हा मासा भांडखोर आहे. तो एकच ठेवावा, आणि इतर मासे असल्यास सर्वांच्या शेवटी सोडावा. सोडण्यापूर्वी पिशवीत तासभर थेंबथेंब टाकीचे पाणी मिसळत राहावे. तो उडी मारतो. टाकीवर बारीक जाळी हवीच. ताजा जवळा धुऊन, बारीक चिरून दिवसातून दोनदा थोडा द्यावा व उरलेला लगेच काढावा. वीज गेल्यास चालणारा बॅटरीचा हवापंप घरात असावा. मासा नकोसा झाल्यास विक्रेत्याकडे परत द्यावा, खाडीत सोडू नये.