मणक्याची दुखापत : ‘डॉक्टर, चालेल ना हो हा?’

उन्हाळा लागला, की आपल्या जिल्ह्यात विहिरींची कामे निघतात, पोरे विहिरीत आणि गोदावरीत सूर मारू लागतात, आंबे उतरवायला माणसे झाडावर चढतात. घाटातले आणि महामार्गावरचे अपघात तर बारा महिने असतातच. यांतल्या बहुतेकांचे हातपाय मोडण्यावर निभावते. काहींच्या मात्र पाठीच्या कण्याला मार बसतो आणि एका क्षणात पाय लुळे पडतात. अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, चालेल ना हो हा?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर कसे शोधतात, आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोणता, हे आज पाहू.

कणा वेगळा, मज्जारज्जू वेगळा

पाठीचा कणा म्हणजे मण्यांची माळ. मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कमरेचे ५ आणि त्याखाली माकडहाडापर्यंतचे एकमेकांना जुळलेले मणके. या माळेच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू मेंदूपासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरतो. मेंदूचे हुकूम खाली नेणे आणि स्पर्श, वेदना यांच्या बातम्या वर पोचवणे हे त्याचे काम. लघवी, शौच, रक्तदाब यांचा कारभारही त्याच्याच वाटेने चालतो.

मोडलेला मणका जुळतो. चिरडलेला मज्जारज्जू मात्र हाडासारखा भरून येत नाही. म्हणून मणका मोडूनही रज्जू शाबूत असेल तर माणूस चालत घरी जातो. मार मानेत असेल तर हात-पाय दोन्ही जातात, आणि फार वर असेल तर श्वासही अडतो. मार छातीमागे किंवा कमरेत असेल तर हात शाबूत राहतात, पाय जातात.

फोटोत न दिसणारे उत्तर

‘एमआरआय काढला, आता सांगा’ असे लोक म्हणतात. एमआरआयने दाब कुठे आहे, सूज किती आहे हे कळते. पण रज्जूतून किती निरोप अजून जातात, हे कळायला रुग्णाच्या अंगाला हात लावूनच तपासावे लागते.

ही तपासणी जगभर एकाच पद्धतीने होते. १९६९ साली इंग्लंडमध्ये डॉ. फ्रँकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे पाच गट पाडले. अमेरिकेतील मज्जारज्जू-दुखापतीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने १९८२ साली तपासणीचे नियम ठरवले आणि १९९२ साली गटांची आजची मांडणी केली. यात शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीचे टोचणे कळते का ते पाहतात. हाताचे पाच आणि पायाचे पाच अशा प्रत्येक बाजूच्या दहा स्नायूंना शून्य ते पाच गुण देतात. शेवटी गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का आणि तिथला स्नायू आवळता येतो का, हे बोटाने तपासतात. रुग्णाला संकोच वाटतो, पण हीच तपासणी सर्वांत मोलाची. रज्जूचे अगदी शेवटचे टोक तिथे बोलते. तिथे जाणीव असेल तर वाट पूर्ण बंद झालेली नाही.

यावरून गट ठरतो. ‘ए’ म्हणजे त्या शेवटच्या टोकाला ना जाणीव, ना हालचाल. ‘बी’ म्हणजे जाणीव आहे, हालचाल नाही. ‘सी’ म्हणजे हालचाल आहे, पण निम्म्याहून अधिक स्नायूंना स्वतःचे वजनही उचलता येत नाही. ‘डी’ म्हणजे निम्मे किंवा त्याहून अधिक स्नायू तेवढे काम करतात. ‘ई’ म्हणजे तपासणीत सर्व पूर्ववत.

पहिल्या दिवशीच्या तपासणीवर फार विसंबू नये. मार बसल्यावर रज्जू काही काळ बधिर होतो आणि सारेच लुळे वाटते. साधारण ७२ तासांनंतरची तपासणी जास्त भरवशाची. ‘डी’ गटातले जवळजवळ सगळे आणि ‘सी’ गटातले बरेच जण पुढे चालू लागतात. ‘बी’ गटात टाचणी टोचलेली कळत असेल तर आशा जास्त. ‘ए’ गटातील दहांपैकी साधारण आठ जण त्याच गटात राहतात. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे वर्ष-दोन वर्षे थोडी थोडी होत राहते.

माझी एक चूक

प्रॅक्टिस सुरू करून फार दिवस झाले नव्हते. विहिरीच्या काठावरून पडलेल्या एका तरुणाला मोठ्या रुग्णालयातून घरी सोडले होते. कमरेखाली काही नव्हते. वडिलांनी मला घरी नेले आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, ‘आता देवाची मर्जी. सेवा करा.’

सेवेत त्या माउलीने काही कमी केले नाही. पण कुशीवर किती वेळाने वळवायचे, लघवी कशी काढायची, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही सांगितले नाही. माकडहाडाशी जखम झाली, हाड दिसू लागले, लघवीत पू झाला. दीड वर्षात मुलगा गेला. तो मणक्याने गेला नाही, जखमेने आणि लघवीच्या विकाराने गेला. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या होत्या. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून पुढचे सारे लिहितो आहे.

जीव वाचवणाऱ्या साध्या गोष्टी

पहिल्या महायुद्धात असे जायबंदी झालेले बहुतेक सैनिक थोड्याच दिवसांत दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी खास विभाग सुरू केला. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची स्वच्छता, व्यायाम आणि खेळ हे त्यांचे उपचार. माणसे जगू लागली, कामाला लागली. तिथेच १९४८ साली झालेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

घरी करायचे ते असे :

* दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायला लावा. पाठ, टाचा, माकडहाड रोज उजेडात पाहा. लाल डाग जात नसेल तर त्या जागेवर भार देऊ नका.
* लघवी तुंबू देऊ नका. हात धुऊन, दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालून लघवी काढणे, ही पद्धत अमेरिकेतील डॉ. लॅपिडेस यांनी १९७२ साली मांडली. तिने असंख्य रुग्णांचे मूत्रपिंड वाचले. रुग्ण स्वतः ती शिकू शकतो.
* शौचाची वेळ रोज एकच ठेवा.
* सांधे रोज हलवा, नाहीतर ते आखडतात.
* बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजलेले रुग्णाला कळत नाही.
* मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागाच्या दुखापतीत अचानक डोके ठणकणे, चेहऱ्यावर घाम येणे ही धोक्याची खूण आहे. रक्तदाब भडकलेला असतो. रुग्णाला लगेच बसते करा, कपडे सैल करा, नळी तुंबली आहे का पाहा आणि दवाखाना गाठा.

शेत विकण्यापूर्वी

रज्जूवरचा दाब लवकर, शक्य तर २४ तासांत, शस्त्रक्रियेने काढला तर फायद्याची शक्यता वाढते. १९९० नंतर मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडचा फार बोलबाला झाला. आज ते सरसकट देत नाहीत. स्टेम सेलने मज्जारज्जू पूर्ववत होतो हे अजून सिद्ध झालेले नाही. त्यापायी कर्ज काढू नका. २०१८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे पाठीत विद्युत उपकरण बसवून तीन रुग्ण आधाराने पावले टाकू लागले. ही आशेची गोष्ट आहे, पण त्यामागे महिनोन्‌महिन्यांचा व्यायामही होता. हाती असलेला खात्रीचा उपाय आजही पुनर्वसन हाच आहे.

आपल्या महाराष्ट्रात त्याची सोय जुनी आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पुण्याला खडकी येथे १९७४ पासून जायबंदी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे हात न चालणारे जवान तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. एक गोळी मणक्यात होती. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर अनेक सवलती लागू होतात.

अपघाताच्या जागी

पडलेला माणूस ‘मान दुखते, पाठ दुखते, पायात मुंग्या आहेत’ म्हणाला किंवा बेशुद्ध असेल, तर त्याला बसवू नका. हात-पाय धरून झोळीसारखे उचलू नका. रिक्षात कोंबू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालू आहे ना, हे आधी पाहा. हलवणे भागच असेल तर तीन-चार जणांनी डोके, धड, पाय एका रेषेत ठेवून लाकडाच्या ओंडक्यासारखे एकदम वळवा आणि फळीवर किंवा दारावर घ्या. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावा. आणि पोरांना सांगा, तळ ठाऊक नसलेल्या पाण्यात डोक्यावर सूर मारू नका.

‘चालेल का?’ असे आज कोणी विचारले, तर तपासून जे दिसेल ते मी खरे सांगतो. मग विचारतो, ‘याची कूस कोण बदलणार? नळी घालायला कोण शिकणार? पुनर्वसनाला कधी नेणार?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्या हाती नसते. या तिन्हींचे असते.